शेठच्या नावाचा जंतू

आमच्या विभागातला फ्रिज शिपाई विनायकदादांच्या वजनावर चालतो. दाराचं रबर फाटून जमाना झाला, त्यामुळे दार नुसतं लावून लागत नाही. दाराला टेकवून खुर्ची ठेवायची, खुर्चीत विनायकदादांना बसवायचं, की आत चार डिग्री. दादा चहाला उठले की आत पनवेल. कॉलेजच्या माहितीपत्रकात हा फ्रिज ‘अद्ययावत शीतसुविधा’ या नावाने छापलाय. फोटोतून दादांना कापलंय, पण एका कोपऱ्यात त्यांची चप्पल राहून गेलीय.

कॉलेज काशीराम शेठचं. शेठ पनवेलजवळच्या नेऱ्याचे. जमिनी होत्या, त्यांचे टॉवर झाले, आणि व्याह्याने शाळा काढली म्हणून शेठनी कॉलेज काढलं. सूक्ष्मजीवशास्त्रच का, तर व्याह्याकडे ते नव्हतं. विद्येचा प्रसार आमच्या भागात असा होतो आणि वेगाने होतो.

तर एप्रिलात शेठच्या फार्महाउसवरच्या तळ्यात, पाण्याशी टेकलेल्या पायऱ्यांवर जांभळी साय धरली. तळं दगडी आहे. डोंगराकडून ओहोळाचं पाणी आत येतं आणि पलीकडून बाहेर जातं. आर्किटेक्टने ‘नैसर्गिक’ म्हणून त्यात क्लोरीन घालू दिलं नव्हतं. शेठना आधी वाटलं, पोरांनी जांभळं खाऊन थुंकलीत. पायरी घासली. साय परत आली. पुन्हा घासली. पुन्हा आली, आणि आधीपेक्षा गडद आली. तेव्हा शेठनी आमच्या विभागप्रमुखांना, कृष्णकांत सरांना, बोलावून घेतलं.

सर खारघरहून आले. वाकले, चष्मा वर केला, चष्मा खाली केला आणि म्हणाले, “नवी प्रजाती आहे.”

माणूस डॉक्टरकडे गेला तर डॉक्टर निदान जीभ तरी बाहेर काढायला सांगतो. सरांनी जंतूला तेवढीही तसदी दिली नाही.

“नवी म्हंजे?” शेठनी विचारलं.

“म्हणजे जगात कुणी पाहिली नाही. हिला नाव आपल्याला देता येईल. आपल्या नावावरून. काशीरामी.”

शेठ पायरीशी वाकले. मग हळूच म्हणाले, “माज्या नावाचा रस्ता हाय. गेट हाय. जंतू नव्हता.”

त्या दिवसापासून पायरी घासणं बंद झालं. वर मांडव घातला गेला. जंतूला ऊन लागू नये म्हणून.

आता हे सगळं सिद्ध कुणी करायचं? समीक्षाने. समीक्षा माझ्या वर्गातली, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, उलव्याची. तिचा प्रकल्प ताकावर होता, तो सरांनी एका सकाळी काढून घेतला आणि हा दिला. माझा प्रकल्प कॅन्टीनच्या चटणीवर होता. तो कुणीच काढून घेतला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. समीक्षाला तळोज्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, पण एका अटीवर: प्रकल्पाचा अहवाल मेअखेरीपर्यंत, विभागप्रमुखांच्या सहीनिशी. सही नसेल तर दुसरी मुलगी रांगेत उभीच होती.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल, पण घाबरू नका, सरांनाही ते येत नाही. जांभळा रंग काढणारे जंतू मुख्यतः दोन घराण्यांचे. दिसायला सख्खे भाऊ, म्हणून रंगावरून काही ठरवायचं नसतं. त्यांच्या सवयी बघायच्या. जँथिनोबॅक्टेरियम हे थंडीतलं घराणं. चार डिग्रीला मजेत वाढतं, सदतीसला मान टाकतं, आणि साखर खायला त्याला हवा लागते. माणसाला सहसा त्याचा त्रास नाही. दुसरं क्रोमोबॅक्टेरियम. हे उष्ण देशांतल्या पाणी-मातीतलं. चारला गारठून बसतं, सदतीसला फोफावतं, हवा नसली तरी साखर आंबवतं. आणि सदतीस म्हणजे आपल्या अंगातलं तापमान, तेव्हा जखमेतून आत शिरलं तर तिथेही ते फोफावू शकतं. क्वचित होतं. पण झालं तर माणूस हातचा जातो.

थोडक्यात, दोन प्रश्न. गारव्यात वाढतोस का? अंगातल्या उबेत वाढतोस का? एवढ्यावरून कळतं की तळ्यात उतरायचं की नाही.

आणि उतरायचं तर होतंच. शेठच्या पुतण्याचं, प्रितमचं, मेअखेरीस लग्न होतं. आमच्या आगऱ्यांत लग्न हे हळदीचं निमित्त असतं. अक्षता टाकायला येणाऱ्यांपेक्षा हळदीला नाचायला येणारे जास्त. प्रितमची हळद फार्महाउसवर होती. बेत असा की हळद लागली, डीजेवर नाचून झालं, की नवरदेवासकट सगळी पोरं काशीरामी तळ्यात.

समीक्षाने चाचण्या लावल्या. फ्रिजमध्ये जंतू वाढला. सदतीसच्या इन्क्युबेटरमध्ये वाढला नाही. सर इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना कटिंग पाजला. थंडीतला जंतू, तो पनवेलला, तो मे महिन्यात! त्यांनी लगेच कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र केलं: सदर जंतू नवीन, निरुपद्रवी, पाण्यात उतरण्यास हरकत नाही. खाली एका बाजूला स्वतःची सही ठोकली आणि दुसऱ्या बाजूला ‘चाचण्या करणार’ म्हणून समीक्षासाठी जागा सोडली.

“सर,” समीक्षा म्हणाली, “नेऱ्याच्या दगडावर एप्रिलात दुपारी पाय ठेववत नाही. तिथे राहणारा जंतू सदतीसला मरतो कसा?”

“हेच तर नवीन आहे!”

“मग तो तिथे जगतो कसा?”

“समीक्षा, प्रश्न विचारणं चांगलं असतं. पण कुठे थांबायचं ते कळणं, याला संशोधन म्हणतात. सही कर.”

“दोन दिवसांनी करते सर.”

सरांनी पत्राची झेरॉक्स तिच्या सहीशिवायच शेठकडे धाडली. चार दिवसांत लग्नपत्रिका छापून आली. आमच्याकडच्या पत्रिकेत निमंत्रकांची नावं गावच्या मतदारयादीसारखी असतात, आणि त्यात वरून तिसऱ्या ओळीत होतं: ‘आमचे आधारस्तंभ, शिक्षणमहर्षी, काशीरामी जंतूफेम श्री. काशीराम शेठ’. जंतूफेम. मी ती ओळ कापून पाकिटात ठेवली आहे.

समीक्षा मात्र दोन दिवस इन्क्युबेटरसमोर बसून होती. जंतू न वाढणं तिला समजू शकत होतं. पण जंतू वाढवायच्या ताटल्यांमधली जेली वाळून पापडासारखी तडकली होती आणि तिला वास येत होता.

“निकेश, हुंग.”

मी हुंगलं. “फणस.”

“जंतूला?”

“जंतूला नाही. सगळ्यालाच.”

आम्ही इन्क्युबेटरचं दार उघडलं. वरच्या कप्प्यात, स्टीलच्या ताटांत, तूप लावून पसरलेली, सोनेरी, झकास फणसपोळी. काटा बावन्नवर.

वसुंधरा मॅडम आम्हाला रोगप्रतिकारशास्त्र शिकवतात आणि खारघरच्या तीन सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘घरगुती, उन्हात वाळवलेली, कोकणची फणसपोळी’ विकतात. यंदा मेमध्येच आभाळ भरून राहिलं होतं. ऊन नाही, ऑर्डरी आहेत.

“अगं, मग काय करू?” मॅडम म्हणाल्या. “खराब होऊ देऊ का?”

“मॅडम, हा सदतीसवर असतो.”

“सदतीसवर चिकट राहते. आणि तुझ्या ताटल्या मी काढल्या नाहीत हं, खालच्या कप्प्यात नीट सरकवल्या. वर पोळीचा थेंब पडायला नको म्हणून फडकंसुद्धा टाकलं.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “एक तुकडा घे. सरांनी दोन पाकिटं नेलीत.”

बावन्न डिग्रीला जंतूच काय, विभागप्रमुखसुद्धा वाढला नसता. आणि फ्रिजचं तर सांगितलंच. त्या आठवड्यात दादांच्या मेहुण्याकडे बारसं होतं. खुर्ची रिकामी होती. म्हणजे जो जंतू गारव्यात वाढला म्हणून सरांनी चहा पाजला, तो गारव्यात वाढलाच नव्हता, पनवेलमध्ये वाढला होता. आणि जो सदतीसला मेला, तो फणसपोळीबरोबर भाजला गेला होता.

समीक्षा सरांकडे गेली. मी दाराबाहेर उभा राहिलो, कारण मला अशी दृश्यं आवडतात.

“चाचणी पुन्हा लावते, सर.”

“पुन्हा का? पुन्हा लावणं म्हणजे पहिलीवर अविश्वास.”

“पहिली बावन्नला झाली.”

“मग लिही, बावन्नलाही वाढत नाही. आणखी एक गुणधर्म मिळाला.”

“आणि सदतीसला?”

“बावन्नच्या आधी सदतीस येतंच ना?”

हे वाक्य पीएच.डी. झालेल्या माणसाचं आहे, म्हणून मी जसंच्या तसं दिलंय. माझं असतं तर सुधारून घेतलं असतं.

“त्या पत्रावर माझी सही नाही होणार, सर.”

“मग तुझ्या अहवालावर माझी नाही होणार.” सरांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. “तळोजा लांब आहे, समीक्षा. विचार कर.”

ती बाहेर आली. मी म्हटलं, “सही करून टाक. पोरं पोहतील, जातील. क्वचितच होतं म्हणतात.”

“नाचून नाचून पाय सोललेले असतात त्यांचे, निकेश. तू पण त्यांच्यातच असणार ना?”

मी असणारच होतो. त्या क्षणापासून माझी शास्त्रावर निष्ठा बसली.

इन्क्युबेटरमध्ये पोळीचा दुसरा घाणा चढला होता, फ्रिज बारशाला गेला होता. सदतीस डिग्री पनवेल तालुक्यात आणखी कुठे मिळणार? तर माझ्या कमलाकर मामाकडे. मामा नेऱ्याला गावठी कोंबड्या पाळतो आणि त्याच्याकडे अंडी उबवायचं पेटीएवढं मशीन आहे. काटा साडेसदतीसवरून हलला तर मामा जेवत नाही. आमच्या विभागात शास्त्राबद्दल इतकी आस्था असलेला माणूस नाही.

“मशीन न्या,” मामा म्हणाला, “पन आत काय ठेवनार?”

“जंतू.”

“कनचं पिल्लू बोल्लास?”

“जंतू, मामा. जांभळे. हवाबंद डब्यात ठेवू, परत देताना मशीन औषधाने धुऊन देऊ.”

मामाने अंडी काढून टोपलीत ठेवली आणि मशीनकडे मुलगी सासरी पाठवताना बघावं तसं बघितलं. गारव्यासाठी समीक्षाने उरण नाक्याच्या मासळी बाजारातून थर्माकोलचा डबा आणला. आत बर्फ, बर्फावर ताटल्या, शेजारी थर्मामीटर. बर्फ वितळला की नवा घालायचा, काटा चारवरून हलू द्यायचा नाही. एका काचेच्या नळीत साखरेचं द्रावण, साखर आंबली की पिवळा पडणारा रंग, जंतू आणि वरून पॅराफिनचा थर, म्हणजे हवा बंद. सगळा संसार ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मांडला. ती खोली निवडली, कारण ग्रंथालयात कुणी जात नाही.

रोज सकाळी मामाचा फोन. “काय रं, फुटली काय?”

“नाही मामा.”

“उलटीपालटी करतोस ना? एका कुशीवर ठेवलीस तर लंगरी निघतील.”

तिसऱ्या दिवशी मशीन उघडलं. ताटल्या अशा जांभळ्या झाल्या होत्या की पैठणीवाल्याने रंग विचारावा. बर्फातल्या ताटल्या कोऱ्या. पॅराफिनखालची नळी तळापर्यंत पिवळी, म्हणजे हवेशिवाय साखर आंबली होती. काही शंकाच राहिली नाही. हा थंडीतला भाऊ नव्हता. उष्ण पाणी-मातीतला तो दुसरा होता, सगळ्या पुस्तकांत असलेला. नवा तर नाहीच, निरुपद्रवीही नाही.

“काय फुटलं?” मामाने फोनवर विचारलं.

“सरांचं नशीब, मामा.”

सरांनी ताटल्या पाहिल्या, मशीनबद्दल ऐकलं आणि म्हणाले, “कोंबडीच्या यंत्रात केलेली चाचणी विद्यापीठ मान्य करत नाही.” फणसाच्या यंत्रातली करतं, असं मी म्हणणार होतो, पण समीक्षाने माझा पाय दाबला.

हळदीच्या आदल्या सकाळी आम्ही नेऱ्याला गेलो. मांडवाचं काम चालू होतं, माणसं तळ्याभोवती रंगीत दिवे बांधत होती. शेठ खुर्चीत बसून देखरेख करत होते. शेजारी प्रितम, हातात मोबाइल.

“काय गो बाय, कनच्या गावची?”

“उलव्याची, काका. कॉलेजात शिकते. तुमच्या तळ्याची चाचणी मी केली.”

“अरे वा! बस. प्रितम, हिला सरबत सांग.”

“काका, तळ्यात कोणाला उतरू देऊ नका. पायाला खरचटलं असलं न त्यातून जंतू आत गेला, तर रक्तात जातो. कदी कदी मानूस जातो.”

शेठचे डोळे बारीक झाले. “सर तं बोल्ले, गरीब हाय.”

“सरांची चाचणी चुकली. परत केली. हा गरीब नाय.”

मला वाटलं, आता ओरडणार. शेठ खुर्चीत सावरून बसले आणि त्यांच्या तोंडावर महिनाभर दबून राहिलेलं समाधान उमटलं.

“मीच बोललू व्हतू!” त्यांनी प्रितमच्या मांडीवर थाप मारली. “माज्या नावाचा जंतू आनि कुनाला काय करीत नाय? व्याही तोंडावर हसला माज्या. गरीब बोल्ला. प्रितम, बॅनर लाव! माजा फोटो, मोठ्ठा. खाली लिव, काशीरामी जंतूपासून सावधान!”

“आनि पोहायचं काय, काका?” प्रितमचा चेहरा पडला. “पोरं चड्ड्या घेऊन आलीत.”

“चड्ड्या घरी ने. तलं बंद!”

काम झालं होतं. पोरांचे पाय वाचले, माझे वाचले. शेठ खूश होते. शेठनी एक फोन केला असता तर सरांनी अहवालावर दोन्ही हातांनी सह्या केल्या असत्या. मी समीक्षाची ओढणी धरून हळूच ओढली. चल. हसतोय तोवर चल.

ती जागची हलली नाही. “काका, अजून एक हाय.”

“बोल की.”

“तो नवा नाय. जुनाच हाय. त्याचं नाव कवाचंच ठेवलंय. तुमचं नाव त्याला लागनार नाय.”

दिवे बांधणारी माणसंसुद्धा थांबली. प्रितमने मोबाइल खाली ठेवला. आगरी माणूस मोबाइल खाली ठेवतो तेव्हा प्रसंग गंभीर असतो.

“बदलून नाय मिलनार?” शेठनी विचारलं.

“नाय, काका.”

“कनच्या शेठच्या नावावर हाय?”

“कोनाच्याच नाय. त्याच्या रंगावरून हाय.”

“रंगावरून.” शेठनी तळ्याकडे बघितलं. “पत्रिका गेल्या गो बाय. बाराशे घरात. जंतूफेम.”

“अहवालात तुमचं नाव घालून देते, तलं कोनाचं म्हणून. पन जंतूचं नाव खोटं लिवनार नाय मी. मग तिथे माझी सही राहील आयुष्यभर.”

“न ल्हिवलं तं तुला काय मिलनार?”

“काय नाय. सर सही देत नायत. नोकरी जाईल.”

शेठ खुर्चीतून उठले. मग प्रितमला म्हणाले, “सरांना फोन लाव. बोल, उद्या हलदीला या. लवकर या. मानाचं काम हाय.”

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला सर ब्लेझर घालून हजर. त्यांना वाटलं, सत्कार आहे. प्रितमने त्यांना थेट तळ्याच्या काठावर नेलं, गळ्यात शिट्टी अडकवली, हातात डीजेचा माइक दिला.

“सर, काका बोल्लेत, तुमी जंतूंचं डाक्टर. कोन उतरायला आला तर अडवायचा.”

“पण मी तर…”

“तुमच्या भरवशावर हाय सगलं,” असं म्हणून प्रितम हळद लावून घ्यायला गेला.

मांडवात बेंजो सुरू झाला, मग डीजे. कोणी सरांनाही हळद फासली. ब्लेझरच्या कॉलरपासून टकलापर्यंत. समीक्षा अहवाल घेऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली. कंपनीने दिलेली मुदत दुसऱ्या दिवसाची होती.

“सर, सही.”

“इथे? आत्ता?” सरांनी शेवटचं पान वाचलं आणि मिटलं. “यात निष्कर्ष बदललाय तू. मी हे मान्य करू शकत नाही. माझं पत्र गेलेलं आहे.”

तेवढ्यात गाणं संपलं आणि नवरदेव पुढे, वीस-पंचवीस पोरं मागे, अशी लाट तळ्याकडे निघाली. सगळे अनवाणी, खडीवर नाचून तळवे लाल. काकांची मनाई प्रितमला आठवत असावी, पण त्याला ती हळदीच्या पलीकडून ऐकू येत होती.

सरांनी शिट्टी वाजवली. कोणी थांबेना.

“उतरू नका!” सर माइकवर ओरडले.

“तुमचंच पत्र हाय, सर!” प्रितमने सगळ्यात वरच्या, कोरड्या पायरीवरून उत्तर दिलं. “हरकत नाय लिवलंय!”

सरांनी त्याच्या पायाकडे बघितलं. अंगठ्याजवळ सोललं होतं, रक्त होतं. एक गोष्ट मला मान्य करावी लागेल: सरांचा चेहरा त्या वेळी खरंच पांढरा पडला, हळदीखालूनही दिसला.

“ते चुकलंय!” त्यांचा आवाज चारही स्पीकरांतून फुटला आणि नेऱ्याच्या डोंगरावर आपटून परत आला. “माझं चुकलंय! तो सदतीसला वाढतो! हिने पुन्हा केलंय, हिचं बरोबर आहे! पाय काढ, मूर्खा!”

प्रितमने पाय काढला. पोरं थबकली. मांडवातून शेठनी हात वर केला आणि डीजेवाल्याला इशारा केला; गाणं सुरू झालं, लाट परत वळली.

समीक्षाने सरांच्या हातातून माइक घेतला, त्या जागी पेन दिला आणि अहवालाचं शेवटचं पान उघडून समोर धरलं. सरांनी सही केली. पानावर अंगठ्याएवढी हळद उमटली. मग दुसऱ्या प्रतीवरही केली.

सही वाळण्याआधीच ते भानावर आले. “समीक्षा,” ते म्हणाले, “शीर्षकाखाली ‘डॉ. कृष्णकांत यांच्या प्रत्यक्ष तळ्यातील निरीक्षणांवर आधारित’ असं टाकता येईल का?”

समीक्षाने दोन्ही प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि पिशवीला गाठ मारली.

“सर, शिट्टी वाजवा,” ती म्हणाली. “पोरं परत येतायत.”